रॅमने काय उजेड पाडला?

माहीत आहे का? बाजारात अशीही रॅम विकली गेली आहे, जिच्यात रॅमच नव्हती!

थापा नाहीत. कोर्सेअर कंपनीने ‘व्हेन्जन्स आरजीबी प्रो’ मालिकेसाठी चक्क ‘लाइट एन्हान्समेंट किट’ काढलं. दिसायला हुबेहूब रॅमच्या पट्ट्या, डोक्यावर झगमगते एलईडी आणि आत मेमरी शून्य. काम एकच, रिकाम्या स्लॉटमध्ये बसायचं आणि चमकायचं. २०१८ मध्ये गिगाबाइटने तर एकाच खोक्यात चार पट्ट्या दिल्या. दोन खऱ्या, दोन नुसत्याच दिव्याच्या.

हसताय? थांबा, खरी गंमत पुढे आहे. घरगुती डेस्कटॉपच्या प्रोसेसरला मेमरीचे चॅनल दोनच असतात. डीडीआर५ च्या जमान्यात चारही स्लॉटमध्ये खऱ्या पट्ट्या कोंबल्या, तर मेमरी कंट्रोलरवर ताण येतो आणि स्पीड बहुतेक वेळा खाली आणावा लागतो. म्हणजे दोन खऱ्या आणि दोन सोंगाड्या ही जोडी चार खऱ्या पट्ट्यांपेक्षा वेगवान ठरू शकते. सोंगाला एवढा मान कुठे मिळतो सांगा!

आता लाखमोलाचा प्रश्न. दिवे लागले की गेम पळतो का?

टेस्ट सोपी आहे, घरी करता येते. तोच पीसी, तोच गेम, तीच सेटिंग्ज. आधी दिवे चालू ठेवून तीन वेळा बेंचमार्क, मग दिवे बंद करून तीन वेळा. आकडे शेजारी शेजारी मांडा. फरक दिसलाच तर तो इतका किरकोळ असेल, की दिव्यांना हातही न लावता दोनदा टेस्ट केली तरी तेवढा पडतो. कारण उघड आहे. एलईडींचा कारभार पट्टीवरची वेगळी छोटी चिप बघते. डेटाच्या वाटेत ती पायसुद्धा टाकत नाही.

पण दिव्याखाली अंधार असतोच! ते दिवे नाचवणारं सॉफ्टवेअर मागे चालू असतं. ते प्रोसेसरचा वेळ खातं आणि राहतं कुठे? त्याच रॅममध्ये. म्हणजे गेमचा वेग कमी झालाच, तर संशयित दिवे नव्हेत, दिव्यांचा मुकादम.

आणि एका पीसीवर असे दोन मुकादम कधीच ठेवू नका. मदरबोर्ड कंपनीचं एक आणि रॅम कंपनीचं दुसरं ॲप ठेवलंत, तर दोघं एकाच अरुंद गल्लीतून आज्ञा पाठवतात. तिचं नाव एसएमबस. पट्टीची जन्मपत्रिका, म्हणजे स्पीड आणि टायमिंगची माहिती ठेवणारी एसपीडी चिपही त्याच गल्लीत राहते. एक म्हणतो लाल, दुसरा म्हणतो निळा, आणि पट्टी जागच्या जागी गोठते.

माहीत आहे का? एके काळी या दिव्यांना खरंच काम होतं! २००० च्या दशकाच्या मध्यात क्रुशलच्या ‘बॅलिस्टिक्स ट्रेसर’वरचे एलईडी मेमरीवर किती काम पडतंय त्यानुसार लुकलुकायचे. कोर्सेअरच्या ‘एक्सपर्ट’ मालिकेत तर पट्टीच्या माथ्यावर सरकत्या अक्षरांचा डिस्प्ले असे. तापमान, व्होल्टेज, स्पीड, सगळं जाहीर! आताचे दिवे इंद्रधनुष्य दाखवतात आणि माहितीच्या नावाने ठणठणाट. माझं मत विचाराल तर ही पीछेहाट आहे, पण इंस्टाग्रामला ते पटणार नाही.

बरं, दिवे सोडा. रॅमचा वेग तरी गेममध्ये दिसतो का?

दिसतो, पण कुठे बघायचं ते माहीत हवं. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ (२०१८) या गेममध्ये बेंचमार्क आतच दिलेला आहे. कॅमेरा मेक्सिकोतल्या ‘डे ऑफ द डेड’च्या गजबजलेल्या बाजारातून फिरतो, मेणबत्त्या, फुलं, गर्दी. शेवटी निकालाच्या पानावर एक ओळ येते, ‘जीपीयू बाउंड’, इतके टक्के. हीच ओळ वाचा! आकडा शंभराजवळ असेल, तर सगळा वेळ ग्राफिक्स कार्डच दमतंय. रॅम सोन्याने मढवली तरी एफपीएस हलणार नाही. आकडा खाली असेल, तर प्रोसेसर आणि मेमरीची परीक्षा चालू आहे.

म्हणूनच रॅमची टेस्ट करणारे लोक भारी ग्राफिक्स कार्ड लावतात आणि मुद्दाम १०८० पी वर, ग्राफिक्स कमी करून खेळतात. ४के वर टेस्ट केली की सगळ्या रॅमला सारखेच मार्क! आणि ते सरासरी एफपीएसवर थांबत नाहीत, ‘वन पर्सेंट लो’ही बघतात. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम्सचा हा आकडा. ऐन गोळीबारात जो झटका बसतो ना, त्याची नोंद इथे होते. रॅमचा परिणामही बऱ्याचदा इथेच आधी दिसतो.

‘सोन्याने मढवली’ हे मी उगाच नाही म्हटलं. जी.स्किलची ‘ट्रायडेंट झेड रॉयल’ सोनेरी आणि चंदेरी मुलाम्यात येते, वर स्फटिकासारखा लाइटबार. दागिना आहे की मेमरी, हे पुढच्या लग्नसराईत ठरवा.

थोडं गणित करू? घाबरू नका, छोटंसं आहे. १४४ एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला ७ मिलिसेकंदांहून कमी वेळ येतो. प्रोसेसर ते रॅम ही एक फेरी ७० नॅनोसेकंदांची धरली, तर एकामागून एक फक्त १ लाख फेऱ्या होतात. वाटतात खूप, पण गेमच्या दृष्टीने ही काटकसर आहे. म्हणून तर प्रोसेसर आपल्या पोटात कॅश मेमरी बाळगतो. एएमडीने २०२२ मध्ये ‘५८००एक्स३डी’ या प्रोसेसरला ९६ एमबीची एल३ कॅश दिली, आणि अनेक गेम्समध्ये महागड्या रॅमची मिजासच उतरली. फेरीच वाचली, तर रस्ता कितीही रुंद असो!

आता बसा घट्ट. रॅम वीस वर्षांत वेगवान झाली, असं वाटतं ना? सन २००० नंतर आलेल्या डीडीआर-४०० पट्टीचा सीएल (मागितलेला डेटा यायला लागणारे घड्याळाचे ठोके) २ म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० चा सीएल १६? १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० चा सीएल ३०? पुन्हा १०! पहिला बाइट हातात यायला तेव्हा लागायचा तेवढाच वेळ आजही लागतो. वाढली ती रुंदी. एका चॅनलमधून सेकंदाला ३.२ जीबी जायचे, आता ४८ जीबी जातात, म्हणजे १५ पट. तेव्हा लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घासाघीस करताना ‘किती हजारची?’ एवढंच विचारू नका, ‘सीएल किती?’ हेही विचारा.

त्या ‘किती हजार’मध्येही मेख आहे. ६००० च्या पट्टीचं घड्याळ धावतं ३००० मेगाहर्ट्झवर. प्रत्येक ठोक्याला डेटा दोनदा जातो म्हणून डबल डेटा रेट, म्हणून डीडीआर. खरं एकक एमटी, म्हणजे मेगाट्रान्सफर, प्रति सेकंद. विंडोज ११ नेही २०२४ च्या अपडेटपासून टास्क मॅनेजरमध्ये तेच लिहायला सुरुवात केली.

आणि जाता जाता तो टास्क मॅनेजर उघडाच. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, मग परफॉर्मन्स, मग मेमरी. ६००० ची पट्टी आणि आकडा ४८००? अभिनंदन, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! नवी रॅम आधी सुरक्षित, मानक स्पीडवरच उठते. खोक्यावरचा स्पीड मिळवायला बायोसमध्ये जाऊन इंटेलचं एक्सएमपी किंवा एएमडीचं एक्सपो चालू करावं लागतं. किती पीसी वर्षानुवर्षं लखलखत राहतात आणि हे एक बटण कुणी दाबतच नाही! संपूर्ण रॅमच्या दुनियेत यापेक्षा स्वस्त अपग्रेड नाही.

त्याच्या जोडीला दुसरा फुकट अपग्रेड म्हणजे पट्टी योग्य स्लॉटमध्ये लावणं. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्यांची जागा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. शेजारी शेजारी खुपसल्या, तर एकच चॅनल चालतो आणि अर्धी रुंदी गेली! ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांनी तर हे फ्रिजवर लिहून ठेवावं. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, त्यामुळे तिथे रॅमचा वेग थेट एफपीएसमध्ये उमटतो.

नाकापेक्षा मोती जड कधी होतो? दिव्यांचा मुकुट घातलेली पट्टी एअर कूलरखाली शिरत नाही तेव्हा. नॉक्टुआच्या ‘एनएच-डी१५’ कूलरला दोन्ही पंखे लावले की खाली जागा उरते ३२ मिलिमीटर. ‘ट्रायडेंट झेड आरजीबी’ची उंची ४४! पंखा वर सरकवा, नाहीतर मुकुट उतरवा.

आणि रॅमच्या वेगाचे रेकॉर्ड मोडणारे कुठे गेले? ते द्रवरूप नायट्रोजन ओतताहेत. उणे १९६ अंशांच्या त्या धुरात ओव्हरक्लॉकर्सनी डीडीआर५ ला १२,००० एमटीच्या पलीकडे नेलंय. बहुधा एकच पट्टी, टायमिंग ढिले सोडलेले, आणि उद्देश एकच, स्क्रीनशॉट निघेपर्यंत तगणं. त्यावर गेम खेळायचा? विसरा.

थंडीवरून आठवलं. पीसी बंद केला की रॅम लगेच कोरी होते ना? नाही! २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हवेचा साधा स्प्रे कॅन उलटा धरून चिप गारठवली. वीज तोडल्यावरही डेटा काही मिनिटं शाबूत राहिला, अगदी एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांसकट. एरवी मात्र रॅम म्हणजे गळकी बादली. प्रत्येक बिट इवल्याशा कपॅसिटरमध्ये असतो आणि तो सतत गळतो. म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत सगळी मेमरी पुन्हा भरावी लागते. ८५ अंशांच्या वर तर दुप्पट वेळा. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६८ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती, एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, आजही जशीच्या तशी चालू आहे.

आता बादलीबाहेर आभाळात! २०१३ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ खेळणाऱ्या एका स्पीडरनरचा मारिओ अचानक वरच्या मजल्यावर उडाला. असा शॉर्टकट कुणालाच माहीत नव्हता. तो परत करून दाखवणाऱ्याला १,००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. शेवटी कळलं की मारिओची उंची ठेवणाऱ्या बाइटमधला एकच बिट उलटला, तर अगदी तशीच उडी बसते. संशयित? अंतराळातून आलेला कण! आरोप सिद्ध झालेला नाही, आरोपी फरार आहे.

माहीत आहे का, तुमच्या कॅबिनेटमधल्या रोषणाईला नोबेल मिळालंय? लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच केला. निळा काही केल्या जमेना, त्यात तीन दशकं गेली. तो जमवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आरजीबीतला ‘बी’ आला आणि १ कोटी ६७ लाख रंगांचं दुकान उघडलं. त्यातले आपण वापरतो ते बहुधा दोन.

रॅमच्या या गोष्टीत बटाट्याचाही हात आहे! मॅकडोनाल्ड्सला फ्रोझन फ्राइज पुरवणारे आयडाहोचे बटाटासम्राट जे. आर. सिम्प्लॉट यांनी तिथल्याच मायक्रॉन या मेमरी कंपनीत पैसा घातला. तीच मायक्रॉन आज जगातल्या तीन बड्या डीरॅम कंपन्यांपैकी एक, सॅमसंग आणि एसके हायनिक्सच्या पंगतीतली. गुजरातेत साणंदला तिच्या प्रकल्पाची घोषणा झाली २०२३ मध्ये. आणि ते लुकलुकणारे ‘ट्रेसर’ आठवतात? ते मायक्रॉनच्याच क्रुशल ब्रँडचे. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने क्रुशलचा ग्राहक व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी पुरवता पुरवता गेमर्ससाठी उरेना.

भाव भडकायला एआयच लागतो असं नाही. जुलै १९९३ मध्ये जपानच्या निइहामा शहरात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या आवरणाला लागणारं इपॉक्सी रेझिन तिथे बनायचं. मेमरीचे भाव जगभर एकदम चढले.

महाग पडते, मग डाउनलोड करूया? १९९५ मध्ये ‘सॉफ्टरॅम ९५’ने नेमकं हेच विकलं. सॉफ्टवेअर टाका, रॅम दुप्पट! लाखो प्रती खपल्या. तपासात निघालं की ते पठ्ठं काहीच करत नव्हतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कान पिळले. बिचाऱ्याने निदान दिवे तरी लावायचे!

शेवटी, एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करणाऱ्यांसाठी सूचना. रॅमला वेग झेपतोय का हे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून बघा. हिंमत असेल तर प्राइम९५ लावा. हे मुळात अजस्र मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर, पण त्याने पीसीचा असा घाम निघतो, की ओव्हरक्लॉकर्सनी ते दत्तकच घेतलं. आणि डीडीआर५ मध्ये सेटिंग बदलून पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काळीच राहिली तर बटण दाबत सुटू नका. मदरबोर्ड मेमरीचं ‘ट्रेनिंग’ घेत असतो, प्रत्येक तारेचा ताल जुळवत असतो. त्याला कधी कधी काही मिनिटं लागतात. तोवर पंखे फिरतात, रॅम रंग बदलत राहते. चहा टाका. उकळेपर्यंत बायोस उठतं.