गुडघेदुखीच्या आडचे दुखणे

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सकाळच्या ओपीडीत सत्तरीच्या आजी येतात. गुडघे दुखतात, जेवण जात नाही, रात्री दोन-तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, असे सांगतात. डॉक्टर रक्तदाब बघतात, वेदनाशामक गोळ्या आणि कॅल्शियम लिहून देतात. बाहेर रांग मोठी असते. महिनाभराने आजी त्याच तक्रारी घेऊन पुन्हा हजर. ‘मन लागत नाही’ हे त्या आपणहून बोलत नाहीत आणि त्यांना ते कुणी विचारतही नाही.

हे न विचारणे किती महागात पडते, याचा अंदाज ‘लासी’ या देशव्यापी पाहणीवरून येतो. २०१७-१८ मध्ये झालेल्या या पाहणीत साठीपुढच्या सुमारे ८.३ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची शक्यता दाखवणारी लक्षणे आढळली. नैराश्याचे निदान झाल्याचे सांगणारे मात्र ०.८ टक्केच होते. म्हणजे निदान झालेल्यांच्या दहापट लोक ते दुखणे अंगावर काढत असावेत.

‘वय झाले की असे व्हायचेच’ ही समजूत घरच्यांइतकीच दवाखान्यातही पक्की असते. शिवाय म्हातारपणातले नैराश्य वेश बदलून येते. रडण्याऐवजी अंगदुखी, बद्धकोष्ठता, थकवा किंवा चिडचिड पुढे येते. कधी विसराळूपणा इतका वाढतो, की स्मृतिभ्रंशाची शंका यावी. यात एक खूण अनेकदा उपयोगी पडते. उदास व्यक्ती ‘मला काही आठवत नाही’ अशी तक्रार स्वतःच करते, तर स्मृतिभ्रंशात ती तक्रार बहुधा घरचे करतात. थायरॉइडचा विकार, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचे परिणाम हेही तपासावे लागतात. आणि काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत अचानक सुरू झालेली असंबद्ध बडबड हे नैराश्य नसून जंतुसंसर्गासारख्या तातडीच्या आजाराचे लक्षण असू शकते. हा फरक ओळखणे शिकवता येते. पण शिकवायचे कुणाला, हा प्रश्न उरतो. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही.

गोव्यात या प्रश्नाचे एक उत्तर शोधले गेले. गोवा वैद्यकीय महाविद्यालय, ‘संगाथ’ ही संस्था आणि अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या साठीपुढच्या १८१ जणांना अभ्यासात घेतले. त्यांच्यात नैराश्याची लक्षणे होती, पण पुरता आजार जडलेला नव्हता. निम्म्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. उरलेल्यांशी मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण या कामासाठी तयार केलेले समुपदेशक ठरावीक बैठकांत बोलले. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात नेहमीचे उपचार घेणाऱ्या ९० पैकी १३ जणांना तीव्र नैराश्याने गाठले. समुपदेशकांच्या गटात ९१ पैकी चौघांना. आकडे लहान आहेत, त्यावरून उड्या मारू नयेत. पण नैराश्य होण्याआधीच रोखता येते आणि ते काम गावपातळीवरची माणसे करू शकतात, एवढे त्यातून दिसले.

हे समुपदेशक सल्ला देत नव्हते, आणि तीच गोष्ट शिकायला सर्वांत अवघड असते. समोर म्हातारे माणूस रडू लागले की ‘आजी, देवाचं नाव घ्या, सगळं ठीक होईल’ हे आपोआप तोंडातून निघते. समस्या सोडवण्याच्या उपचारपद्धतीत ते गिळावे लागते. समजा, पती गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या एक बाई म्हणतात, ‘आता कशातच राम उरला नाही.’ समुपदेशक त्या मोठ्या काळोखातून एखादी हाताशी धरता येईल अशी अडचण त्यांच्याकडूनच काढून घेतो. नोव्हेंबर आला, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे, बँकेची सगळी कामे नवरा बघायचा, मुलगा आखातात. मग काय काय करता येईल, त्यातले कोणते जमेल, कधी करायचे, हे सारे त्यांनीच ठरवायचे. पुढच्या भेटीत ते झाले की नाही ते बघायचे. नसेल झाले तर का, हेही. दाखला ही किरकोळ बाब आहे. पण ‘माझ्याने काही होत नाही’ या भावनेला पहिला तडा तिथे जातो.

झोपेचे शिक्षण हा या कार्यक्रमाचा दुसरा भाग. आठ वाजता मालिका संपवून अंथरुणावर पडलेल्या माणसाला तीनला जाग आली, तर त्याची सात तासांची झोप झालेली असू शकते! त्याला गोळीची नव्हे, हिशेबाची गरज असते. झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचे नाही, जाग आली तर तिथेच तळमळत पडायचे नाही, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचे, अंथरुणातला एकूण वेळच कमी करायचा. साधे नियम आहेत, पण पाळून घ्यायला पाठपुरावा लागतो. उलट झोपेच्या गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो, पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. याखेरीज मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी कशी घ्यावी हे सांगणे, सरकारी योजनांपर्यंत पोचवणे हेही समुपदेशकांच्याच कामात होते. पोटाची आणि औषधांची विवंचना बाजूला ठेवून मनाचे बोलता येत नाही.

अशा प्रशिक्षणात व्याख्यानांपेक्षा सराव मोलाचा ठरतो. एकाने कमी ऐकू येणारे आजोबा व्हायचे, दुसऱ्याने बोलायचे: समोर बसून, सावकाश, ओरडून नव्हे. सोबत आलेली सून किंवा मुलगा सगळी उत्तरे देत असेल, तर त्यांना न दुखावता दोन मिनिटे बाहेर कसे बसवायचे, हेही करून बघावे लागते. एकट्याने विचारल्याशिवाय घरातला छळ बाहेर येत नाही. ‘जगणं नको वाटतं का?’ हा प्रश्न तर बहुतेकांच्या घशात अडकतो. विचारल्याने तसा विचार मनात पेरला जाईल, ही भीती संशोधनाने खोटी ठरवली आहे.

महाराष्ट्रातही यासाठी कोरी पाटी नाही. तीस वर्षांपुढच्या व्यक्तींसाठी ‘आशा’ कार्यकर्त्या जो ‘सीबॅक’ अर्ज भरतात, त्यात नैराश्याचे दोन प्रश्न आहेत. कामात रस वाटेनासा झाला आहे का, उदास किंवा निराश वाटते का? साठीपुढच्यांसाठी तोल जाणे, परावलंबन, विसर यांविषयी वेगळे प्रश्न आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत वृद्धसेवा आणि मानसिक आरोग्य या दोन्हींचा समावेश आहे. कागद आहे, चौकटी आहेत. पण ओट्यावर शेजारणी बसलेल्या असताना, पुढची दहा घरे बाकी असताना ते दोन प्रश्न वाचून दाखवले, तर ‘नाही’ याखेरीज कोणते उत्तर येणार?

त्यातही ‘आशा’वर आधीच लसीकरणापासून क्षयरोगापर्यंतचे ओझे आहे. दोन दिवसांचे शिबिर घेऊन आणखी एक काम तिच्या माथी मारणे सोपे. अडलेल्या रुग्णाबद्दल तिने आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने कुणाला विचारायचे, याची सोय करणे खर्चाचे आणि चिकाटीचे असते. समुपदेशकाच्या मागे दर आठवड्याला बोलता येईल असे जाणते माणूस नसेल, तर शिकलेले काही महिन्यांत विरते आणि ‘देवाचं नाव घ्या’ परत येते.

तोवर घरच्यांसाठी दोन विनाशुल्क क्रमांक आहेत. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ची सेवा १४४१६ वर चोवीस तास मिळते. ज्येष्ठांच्या पेन्शनपासून छळापर्यंतच्या तक्रारींसाठी ‘एल्डरलाइन’चा क्रमांक १४५६७ आहे. फोन ज्येष्ठांनीच करायला हवा असे नाही. मुलगा, सून, शेजारी कुणीही करू शकते.