डुकराचं मटण आणि फळं: पाच गैरसमज

कडेगाव म्हटलं की मोहरमचे गगनचुंबी ताबूत आठवतात. अशा गावात डुकराच्या मटणाचा विषय चारचौघांत निघत नाही. खावं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. पण खाणाऱ्यांनी फळ आणि मटण यांचं नातं नीट समजून घेतलेलं बरं. फळ मटणात तीन वेगळी कामं करतं: मऊ करणं, आंबट करणं आणि गोडवा आणणं. एकच फळ ही तिन्ही कामं करील असं समजलं, की घोळ होतो. घरी फक्त बोकडाचं चालत असेल, तरी पपई-आमसुलाचा हिशोब तोच.

गैरसमज १: मटणात फळ घालणं हे साहेबी खूळ आहे.
वस्तुस्थिती: चरकसंहितेत डाळिंबानं आंबट केलेला मांसरस पुन्हा पुन्हा येतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात डुकराचं मांस भाजायच्या कृती आहेत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सोलं, म्हणजे आपली आमसुलं, घालून डुकराचं ‘सोलांतुलें’ होतं. परकी म्हणायचीच तर पपई आणि अननस. ही दोन्ही फळं मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेली.

गैरसमज २: कुठलंही फळ लावलं की मटण मऊ पडतं.
वस्तुस्थिती: हे काम कच्च्या पपईचं. तिच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. पपई पिकली की चीक कमी होतो आणि हा गुणही उतरतो. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन असंच काम करतं. डब्यातला अननस मात्र उकळलेला असल्यामुळे निरुपयोगी. अर्ध्या किलोला सालासकट वाटलेल्या कच्च्या पपईचा एक चमचा आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. रात्रभर लावून ठेवलंत तर फोडीचा वरचा थर पिठूळ होतो आणि चव जाते. चिंच, लिंबू, आमसूल यांचं आम्ल वरवरच मुरतं. त्यांच्याकडून चव घ्यावी, मऊपणाची अपेक्षा ठेवू नये. कुकर लावणार असाल तर पपईचीही गरज नाही, कारण चिवट तंतू ओलसर उष्णतेत वेळ दिला की आपोआप विरघळतात.

गैरसमज ३: आंबटात मुरवलं की जंत मरतात.
वस्तुस्थिती: जंत मारते ती उष्णता. अख्ख्या तुकड्याचा गाभा किमान 63 अंश सेल्सिअसला पोचावा आणि पुढे तीन मिनिटं तसाच राहावा. खिम्याला 71 अंश लागतात. कुकरच्या वाफेत तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे तिथे काळजी नाही. तव्यावर अर्धकच्चं परतलेलं मात्र नको.

इथेच दुसरा एक घोळ आहे. अर्धकच्च्या मटणातून होतो तो आतड्यातला टेपवर्म. मेंदूत गाठी होतात त्या या जंताची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि अंडी येतात बाधित माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या भाजीवाटे किंवा अस्वच्छ हातांवाटे. म्हणून माळकऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. कच्चं मटण कापलेल्या सुरीनं आणि पाटावर तशीच काकडी किंवा फळं चिरू नका.

गैरसमज ४: फळ चरबी कापतं.
वस्तुस्थिती: आंबटपणामुळे तेलकटपणा जिभेला कमी जाणवतो, एवढंच. चरबी होती तेवढीच राहते. ती कमी हवी असेल तर पांढरा थर आधीच काढा, किंवा रस्सा थंड करून वर गोठलेली साय उचला.

गैरसमज ५: रानडुक्कर उसाची नासाडी करतं, तेव्हा मारून खाल्लं तर काय बिघडलं?
वस्तुस्थिती: कडेगाव तालुक्याच्या हद्दीवरच सागरेश्वर अभयारण्य आहे. धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलेलं हे जंगल 1985 साली अभयारण्य झालं. रानडुकराला 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय त्याची शिकार हा गुन्हा आहे. पिकाचं नुकसान झालं असेल तर पंचनामा करून भरपाई मागावी. मटण हवं तर ते शेडमध्ये खाद्यावर वाढवलेल्या जनावराचंच घ्यावं.

साधं रात्रीचं जेवण, चौघांपुरतं
अर्धा किलो फोडींना हळद, मीठ आणि आलं-लसूण लावा. दोन कांदे तांबूस परता, दीड चमचा कांदा-लसूण मसाला घाला, फोडी टाकून पाणी सुटेपर्यंत हलवा. वाटीभर गरम पाणी घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या करा. झाकण उघडल्यावर पाच आमसुलं आणि मूठभर सांगलीचा बेदाणा घालून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. बेदाणा आधी घातला तर साखर तळाला लागते. आमसूल घातलेला रस्सा जर्मनच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ठेवू नका; आम्ल धातू खातं. स्टीलचं भांडं घ्या.

सोबत भाकरी आणि कांदा. मऊपणाला कच्ची पपई किंवा कुकर, आंबटाला आमसूल, गोडव्याला बेदाणा आणि जंतांना फक्त आच, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे.