‘कनेक्टेड’ दिसले म्हणजे सुरक्षित झालो का? प्रॉक्सी तपासून घ्या, मगच वापरा

७ जून २०२३ चा दिवस कोल्हापूरकरांच्या लक्षात आहे. मोबाईलवरच्या स्टेटसवरून वातावरण तापले, बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला. दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. त्यानंतर इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. राजर्षी शाहूंच्या नगरीत माणसे एकमेकांची खुशाली विचारायला पुन्हा साध्या फोनवर आणि एसएमएसवर आली.

अशा वेळी एक संदेश हमखास फिरतो: ‘हे फुकटचे ॲप टाका, नेट चालू होईल’, ‘ही प्रॉक्सीची लिंक दाबा’. वस्तीतला मुलगा घाईत ते टाकतो. स्क्रीनवर ‘कनेक्टेड’ असे हिरवे अक्षर येते आणि आपण सुरक्षित झालो असे त्याला वाटते. याच मुलाच्या फोनमध्ये अत्याचाराच्या प्रकरणातील फिर्यादीची प्रत असते, पीडित कुटुंबाचे फोटो असतात, साक्षीदारांचे नंबर असतात. म्हणून हा विषय फक्त तंत्रज्ञानाची आवड असणाऱ्यांचा नाही, प्रत्येक कार्यकर्त्याचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

सरकारच्या आदेशाने मोबाईल इंटरनेट पूर्ण बंद केले असेल, तर कोणतीही प्रॉक्सी किंवा व्हीपीएन ते चालू करू शकत नाही. प्रॉक्सी स्वतःच इंटरनेटवर चालते. एसटीच सुटली नाही, तर तिकीट कितीही चांगले असून उपयोग काय? प्रॉक्सीचा उपयोग दोन ठिकाणी आहे. एक, इंटरनेट सुरू आहे पण एखादे संकेतस्थळ किंवा ॲप अडवले आहे. दोन, आपण काय पाहतो हे नेट पुरवणाऱ्या कंपनीला, सायबर कॅफेला किंवा वायफायच्या मालकाला कळू नये असे वाटते. म्हणजे ऐन बंदच्या दिवशी धावपळीत अनोळखी ॲप टाकणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे. फायदा शून्य आणि धोका पुढे कायमचा.

प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ

आपण पत्र थेट न पाठवता एका माणसाच्या हाती दिले, तर ज्याला पत्र मिळाले त्याला तो माणूस दिसतो, आपण दिसत नाही. प्रॉक्सी हेच काम करते. पण त्या मध्यस्थाला दोन्ही गोष्टी माहीत असतात: पत्र कुणी दिले आणि ते कुठे जायचे आहे. पत्र पोस्टकार्डावर असेल तर तो मजकूरही वाचू शकतो. बंद पाकिटात असेल तर फक्त पत्ता वाचतो. इंटरनेटवर हे बंद पाकीट म्हणजे एचटीटीपीएस. पाकीट नसेल, तर साधी एचटीटीपी किंवा सॉक्स५ प्रॉक्सी तुमचा मजकूर स्वतःहून झाकत नाही.

व्हीपीएनमध्ये फोनपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत सगळी वाहतूक कुलूपबंद जाते. मात्र तिथे जिओ किंवा एअरटेलऐवजी ती व्हीपीएन कंपनी तुमची मध्यस्थ बनते. टॉरमध्ये तीन टप्पे असतात आणि एकाही टप्प्याला दोन्ही टोके कळत नाहीत. म्हणून ते जास्त झाकते, पण संथ चालते.

मध्यस्थ कसा आहे हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या सहभागातून २०१६ मध्ये २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲप तपासली गेली. त्यांतली १८ टक्के ॲप वाहतूक कुलूपबंद करतच नव्हती. ३८ टक्के ॲपमध्ये घातक प्रोग्रामच्या खुणा होत्या. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी विकत घेतली. तिचे ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे ॲप संरक्षणाच्या नावाखाली, वापरणारे कोणकोणती ॲप उघडतात याची माहिती गोळा करत होते. २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून काढावे लागले. नावात ‘प्रोटेक्ट’ होते, एवढ्यावर लोकांनी विश्वास ठेवला. बुद्धांनी कालामांना जे सांगितले ते इथेही लागू आहे: कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा.

पारख कशी करायची: सहा चाचण्या

सगळ्या चाचण्यांना मिळून अर्धा तास पुरतो. त्या शांत दिवशी करा, गडबडीच्या दिवशी नाही.

१. आयपी पत्ता बदलतो का? प्रॉक्सी बंद ठेवून ‘आयपीलीक डॉट नेट’ हे संकेतस्थळ उघडा. तिथे दिसणारा आकडी पत्ता आणि कंपनीचे नाव लिहून घ्या. मग प्रॉक्सी सुरू करून तेच पान पुन्हा उघडा. दोन्ही वेळा तोच पत्ता दिसला, तर प्रॉक्सी चालतच नाही. इथे बहुतेकांकडून एक गोष्ट सुटते. पत्ते दोन प्रकारचे असतात, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६. आपल्याकडे जिओसारख्या कंपन्यांचे जाळे मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर चालते आणि अनेक प्रॉक्सी फक्त आयपीव्ही४ सांभाळतात. वरचा पत्ता परदेशातला दिसतो आणि खालच्या ओळीत तुमच्या कंपनीचा खरा पत्ता तसाच उघडा राहतो. सीएसआयआरओच्या त्याच अभ्यासात ८४ टक्के ॲपमधून आयपीव्ही६ गळत होते. दोन्ही ओळी वाचा.

हा पत्ता इतका महत्त्वाचा का? कोणत्या वेळी कोणता पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद टेलिकॉम कंपनीकडे असते. पत्ता आणि वेळ मिळाली की माणसापर्यंत पोचता येते.

२. मुद्दाम बिघडवून पाहा. ही सर्वात सोपी आणि सर्वात खरी चाचणी आहे. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये पोर्टचा एक आकडा मुद्दाम चुकीचा टाका, म्हणजे ८०८० च्या जागी ८०८१. आता आधी कधी न उघडलेले एखादे पान उघडून पाहा. पान उघडले नाही तर उत्तम. उघडले, तर तुमची वाहतूक प्रॉक्सीला बगल देऊन थेट जात आहे. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या सेटिंगमधील प्रॉक्सी फक्त त्या एका वायफायपुरती असते आणि कितीतरी ॲप ती जुमानतही नाहीत. म्हणून ब्राउझरवर चाचणी झाली म्हणजे सगळा फोन झाकला गेला असे समजू नका.

३. डीएनएस गळते का? संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी वही म्हणजे डीएनएस. पान प्रॉक्सीमार्फत उघडत असेल, पण ही विचारणा तुमच्या नेट कंपनीकडेच जात असेल, तर तुम्ही कुठे गेलात हे तिला कळतेच. ‘डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉम’वर मोठी चाचणी चालवा. यादीत तुमच्याच नेट कंपनीचे नाव आले तर गळती आहे. संगणकावर फायरफॉक्समध्ये सॉक्स५ वापरत असाल, तर डीएनएसही प्रॉक्सीमार्फत पाठवण्याचा पर्याय त्याच सेटिंगमध्ये असतो. तो सुरू आहे ना, हे पाहा.

४. वेबआरटीसी तपासा. ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल चालवणारी ही सोय कधीकधी प्रॉक्सीला न विचारता खरा पत्ता सांगून टाकते. आयपीलीकच्या पानावर तिचा वेगळा रकाना आहे. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला तर घाबरू नका, तो घरातल्या राउटरने दिलेला आहे. पण पहिल्या चाचणीत लिहून घेतलेला पत्ता तिथे दिसला, तर ब्राउझर बदला किंवा ही सोय बंद करा.

५. प्रमाणपत्र कुणाचे आहे? एखादी प्रॉक्सी किंवा ॲप ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हणाली, तर तिथेच थांबा. ते प्रमाणपत्र टाकणे म्हणजे बंद पाकीट उघडून, वाचून, पुन्हा चिकटवण्याची परवानगी मध्यस्थाला देणे. बँकेचा पासवर्डही मग त्याच्या डोळ्यांखालून जाऊ शकतो. अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी असते. त्यातला ‘यूजर’ हा रकाना उघडा. तुम्ही स्वतः कधी काही टाकले नसेल, तर तो रिकामाच हवा. ब्राउझरने ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा दिला, तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका.

६. मध्येच तुटले तर? व्हीपीएन सुरू असताना दोन-तीन वेळा नेट बंद-चालू करा, वायफायवरून मोबाईल डेटावर या. जोडणी तुटल्यावर फोन गुपचूप उघड्या रस्त्याने चालू लागतो का, ते पाहा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये व्हीपीएन कायम सुरू ठेवण्याचा आणि व्हीपीएन नसेल तेव्हा नेटच अडवण्याचा असे दोन पर्याय असतात. दोन्ही सुरू ठेवा.

व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल

आपले बहुतेक काम व्हॉट्सॲपवर चालते. जानेवारी २०२३ पासून व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’ या सेटिंगमध्येच प्रॉक्सीची सोय आहे. जोडणी झाली की पत्त्यासमोर हिरवी खूण येते. संदेशांचे एंड-टू-एंड कुलूप कायम राहते, त्यामुळे प्रॉक्सी चालवणारा मजकूर वाचू शकत नाही. पण तुमचा आयपी पत्ता त्याला दिसतो. म्हणजे अमुक माणूस या वेळी या मार्गाने आला, एवढे त्याला कळते. सिग्नलमध्येही प्रॉक्सीची सोय आहे. टेलिग्रामबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा: तिथल्या साध्या गप्पा आणि ग्रुप यांना मुळात एंड-टू-एंड कुलूप नसते, ते फक्त ‘सीक्रेट चॅट’ला असते. प्रॉक्सी लावल्याने ही उणीव भरून निघत नाही. कुठल्याही ग्रुपवर आलेली प्रॉक्सीची लिंक दाबण्याआधी विचारा: ही कोण चालवतो? उत्तर मिळाले नाही, तर लिंक सोडून द्या.

प्रॉक्सीच्या पलीकडचे धोके

सहाही चाचण्या पास झाल्या तरी काही गोष्टी उघड्याच राहतात. तुम्ही स्वतःच्या नावाच्या खात्यातून लॉग-इन केले, तर पत्ता बदलूनही तुम्ही तुम्हीच असता. जीपीएस सुरू असेल, तर नकाशाला तुम्ही दसरा चौकात आहात की बिंदू चौकात, हे कळते.

त्याहून मोठा धोका खुद्द फोनमध्ये घुसणाऱ्याचा आहे. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालात म्हटले आहे की जून २०१६ मध्ये एका ईमेलमधून ‘नेटवायर’ हा घुसखोर प्रोग्राम त्या लॅपटॉपमध्ये शिरला आणि पुढे त्यात फायली पेरल्या गेल्या. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. २०१९ मध्ये पेगासस या हेरगिरी प्रोग्रामबाबत व्हॉट्सॲपने ज्यांना सावध केले, त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडेही होते. अशा हल्ल्यापुढे प्रॉक्सी निरुपयोगी आहे. चोर घरातच असेल, तर रस्ता बदलून काय होणार? फोनची अद्ययावत प्रणाली, अनोळखी फाइल न उघडण्याची शिस्त आणि दोन टप्प्यांचे लॉग-इन यांना पर्याय नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतात प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत मात्र प्रशासनाने वेळोवेळी असे बंदीचे आदेश काढले आहेत. म्हणून तणावाच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आधी वाचा. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते ५ वर्षे जपून ठेवायचे आहेत. त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. तेव्हा ‘आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही’ ही जाहिरात वाचताना कंपनी कुठली आणि सर्व्हर कुठे, हे पाहिलेच पाहिजे.

इंटरनेट बंद करण्याच्या आदेशालाही मर्यादा आहेत. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येत नाही आणि असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. आदेशाची प्रत मागणे हा आपला हक्क आहे. तो वापरायला प्रॉक्सी लागत नाही, एक लेखी अर्ज लागतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रॉक्सी विष पेरणाऱ्याला लपवण्यासाठी नाही. एका स्टेटसने शहर कसे पेटते, हे कोल्हापूरने पाहिले आहे. ज्याच्या हाती पीडितांची माहिती आहे, त्याने ती सांभाळावी, एवढ्यासाठीच ही खबरदारी.

आपल्या गटासाठी

प्रत्येक तालुक्यात दोघांनी हे शिकून घ्यावे आणि महिन्यातून एकदा, तसेच १४ एप्रिल व १ जानेवारीच्या आठवडाभर आधी, सर्वांच्या फोनवर या चाचण्या कराव्यात. वकील, डॉक्टर आणि प्रमुख कार्यकर्त्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवावेत. नेट पूर्ण बंद पडले तर एसएमएस कुणी कुणाला करायचा, हे आधीच ठरवावे. आणि ज्या दिवशी एखादी चाचणी नापास होईल, त्या दिवशी त्या फोनवरून पीडितांचे एकही कागदपत्र पाठवू नये. उघड्या रस्त्यावर चालतोय हे ठाऊक असलेला माणूस जपून पाऊल टाकतो. आपण झाकलेलो आहोत असे खोटेच समजणारा सगळ्यांना घेऊन अडचणीत येतो.