काळ्या पडद्याशी मैत्री

संगणक म्हटलं की "ते ह्यांचं आणि मुलांचं काम" असं म्हणून आपण बाजूला होतो, नाही का? मीही त्यातलीच. बी.ए. झालेली, सकाळी ३ तास शाळेत शिकवून स्वयंपाकाला घरी धावणारी. पण गेल्या दिवाळीत आमच्या जुन्या लॅपटॉपने अगदीच मान टाकली. सुरू व्हायलाच १० मिनिटं! दुरुस्तीवाला म्हणाला, "वहिनी, भंगारात द्या." नवा घ्यायचा तर मोठा खर्च, आणि धाकटीची फी तोंडावर आलेली. तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकू, लिनक्स घालून बघू. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर मला आधी शंकाच आली. पण त्यामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. संगणकाची प्रणाली कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता यावी, हा त्यामागचा हेतू. १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा लिहिला, तो लिनक्स. आपण नाही का लोणच्याची कृती शेजारणीला मोकळ्या मनाने देत, तसंच हे! आमच्या लॅपटॉपवर आलं त्याचं नाव डेबियन. १९९३ साली ते सुरू करणाऱ्या इयन मर्डॉक यांनी आपल्या मैत्रिणीच्या, पुढे पत्नी झालेल्या डेब्राच्या नावातलं 'डेब' आणि आपलं 'इयन' जोडून हे नाव ठेवलं. (आमच्या दारावरच्या पाटीवर मात्र अजून एकच नाव आहे!)

यात चित्रांवर बोट ठेवूनही कामं होतात. पण पुतण्याने उघडला तो काळा पडदा, म्हणजे टर्मिनल. इथे आज्ञा टंकायची नि एंटर दाबायचं. मी म्हटलं, "अरे, हे मला कसं जमणार?" पण आपलं घर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे सोपं वाटेल.

'पीडब्ल्यूडी' म्हणजे रस्ते बांधणारं खातं नव्हे! मी आत्ता कुठल्या खोलीत आहे, ते ही आज्ञा सांगते. 'एलएस' म्हणजे या खोलीत काय काय ठेवलंय. 'सीडी' पुढे नाव लिहिलं की त्या खोलीत जायचं, आणि दोन टिंबं दिली की एक पायरी मागे. 'एमकेडीआयआर' नवा कप्पा करते, 'सीपी' नक्कल काढते, 'एमव्ही' वस्तू हलवते किंवा तिचं नाव बदलते. अडलं तर 'मॅन' लिहून पुढे आज्ञेचं नाव द्या, सगळी माहिती पुढ्यात येते. वाचून झाली की 'क्यू' दाबून बाहेर पडा.

आता माझी फजिती सांगते. 'आरएम' म्हणजे पुसून टाकणं. या प्रणालीत लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मानतात, हे पुतण्याने बजावलं होतं. पण मी 'पेपर्स' नावाचे दोन कप्पे केले होते, एक मोठ्या पी-चा, एक लहान. जुना पुसायचा तो नवाच पुसला! आठवीचे सहामाहीचे पेपर, चार रात्री जागून टंकलेले, एका एंटरसरशी गेले. इथे केराची टोपली नाही, की "खरंच पुसू का?" असं विचारणं नाही. त्या रात्री मला रडूच कोसळलं. हे म्हणाले, "मी सांगतो, तू लिही," आणि कच्च्या कागदांवरून पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी ते पुन्हा उतरवले.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. 'आरएम'ला '-आय' जोडायचं, म्हणजे ती आधी विचारते. पुसण्यापूर्वी 'पीडब्ल्यूडी' आणि 'एलएस' करून पाहायचं. आणि महत्त्वाच्या कागदांची नक्कल पेनड्राइव्हवर ठेवायचीच.

तुम्हालाही करून पाहायचं असेल, तर लगेच जुनं काढून टाकू नका. डेबियन पेनड्राइव्हवरूनही चालवून बघता येतं. आवडलं, तर फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मगच पुढचं पाऊल. रोज एक आज्ञा शिका, वहीत लिहून ठेवा. माझी वही मसाल्याच्या डब्याशेजारीच असते.

परवा धाकटी मैत्रिणीला सांगत होती, "आमचा लॅपटॉप आईने वाचवला." खरं तर निम्मं श्रेय पुतण्याचं. पण मी काही तिचं बोलणं खोडून काढलं नाही!