दादा, अंगठा ठेवून पाहिलंत का?

आमच्या गटाची जुनी कार्ब्युरेटरची ओम्नी पावसाळ्यानंतर दुरुस्तीला गेली. डिस्ट्रिब्युटर काढून परत बसवला, तर गाडी चालूच होईना. सायलेन्सरमधून नुसते फटाके! "इंजिन खोलावं लागेल," हे ऐकून आमच्या पोटात गोळा आला. पहाटे विरारच्या बाजारात भाजी न्यायची कशी? दुसऱ्या मेकॅनिकने मात्र खरा दोष दाखवला: टायमिंग चुकलं होतं.

डिस्ट्रिब्युटर प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवतो. पिस्टन वर येऊन पेट्रोल आणि हवा दाबतो, तेव्हा ठिणगी पडायला हवी. पण पिस्टन धूर बाहेर टाकायलाही वर येतो. टायमिंगची खूण दोन्ही वेळा जुळते. गफलत होते ती इथेच.

म्हणून गाडी न्यूट्रलला ठेवून किल्ली काढायची. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवायचं. हवेने अंगठा ढकलला, की ती दाबाची फेरी. तेव्हाच खूण जुळवायची. डिस्ट्रिब्युटर बसल्यावर आतल्या रोटरचं तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे हवं. ओम्नीच्या तीन सिलिंडरांची पाळी १-३-२ अशी असते. शेवटी टायमिंग लाइट लावून कंपनीच्या आकड्याशी जुळवायचं.

ठिणगी फार लवकर पडली तर चढावर इंजिन टकटक वाजतं. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोलही जास्त पिते.

हे काम मेकॅनिकनेच करावं. पण इंजिन खोलायला होकार देण्याआधी आपण एवढं जरूर विचारावं: "दादा, अंगठा ठेवून पाहिलंत का?"