आठ शतकांचे बांधकाम

स्पेनच्या उत्तर भागात आर्लान्सोन नदीच्या काठी बुर्गोस हे पुरातन नगर वसले आहे. एके काळी ते कास्तील राज्याची राजधानी होते. सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट शेकडो वर्षे या नगरातून जात आली आहे, आणि आजही ती तेथूनच जाते. नगरात शिरणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात ती घरांच्या छपरांवर मान उंचावून उभी असलेली दोन टोकदार शिखरे. ही शिखरे बुर्गोसच्या प्रसिद्ध कॅथेड्रलची आहेत.

कॅथेड्रल म्हणजे जेथे बिशपचे आसन असते ते त्या प्रांतातील मुख्य चर्च. जुन्या गोव्यातील ‘से कॅथेड्रल’ पुष्कळांना ठाऊक असेल. त्या नावातील ‘से’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थही आसन असाच आहे.

बुर्गोसच्या कॅथेड्रलची पायाभरणी इ. स. १२२१ मध्ये झाली. राजा तिसरा फेर्नांदो आणि बिशप मौरिसिओ यांनी पहिला दगड बसविला. त्यापूर्वी मौरिसिओने फ्रान्समधून प्रवास केला होता आणि तेथे नव्या पद्धतीने उभारली जाणारी चर्च पाहिली होती. या पद्धतीला गॉथिक शैली म्हणतात. जुन्या इमारतींत छपराचा सारा भार जाड भिंतींवर पडे. त्यामुळे खिडक्या लहान ठेवाव्या लागत आणि आत अंधार दाटे. गॉथिक शैलीत मात्र कमानी वर निमुळत्या होत जातात. छपराचा भार त्या ठराविक स्तंभांवर नेऊन सोडतात, आणि कलू पाहणाऱ्या भिंतीला आपण जसा टेकू देतो, तसे बाहेरून दगडी टेकू देऊन त्या स्तंभांना सावरून धरलेले असते. भिंतींवरील भार असा हलका झाल्यामुळे त्यांत मोठमोठ्या खिडक्या ठेवता येतात. म्हणूनच एवढ्या प्रचंड दगडी वास्तूतही भरपूर प्रकाश येतो.

अवघ्या नऊ वर्षांत, म्हणजे १२३० साली, येथे उपासना सुरू झाली. परंतु बांधकाम संपले नव्हते. बिशप मौरिसिओ १२३८ मध्ये आणि राजा फेर्नांदो १२५२ मध्ये मरण पावला. आज जी शिखरे पाहून आपण थक्क होतो, ती त्या दोघांच्या दृष्टीस कधीच पडली नाहीत. पायाच्या दगडापासून शिखराच्या टोकापर्यंत पोहोचण्यास दोनशेहून अधिक वर्षे लागली.

ही शिखरे उभारण्यासाठी पंधराव्या शतकात जर्मनीतील कोलोन शहरातून एक स्थपती आणला गेला. तो कोलोनचा, म्हणून स्पेनमध्ये त्याला हुआन दे कोलोनिया म्हणू लागले. १४४२ मध्ये त्याने काम आरंभिले आणि १४५८ मध्ये दोन्ही शिखरे पुरी झाली. त्यांची उंची ऐंशी मीटरांहून अधिक आहे. तरीही ती जड वाटत नाहीत. कारण ती भरीव नसून जाळीदार आहेत. त्या दगडी जाळीतून वारा खेळतो आणि पलीकडचे आकाश दिसते. नवल असे की, हुआन ज्या कोलोनहून आला, तेथील कॅथेड्रलचा आरंभ १२४८ मध्ये झाला असूनही त्याची शिखरे पूर्ण होण्यास १८८० साल उजाडावे लागले!

हुआनच्या पाठोपाठ त्याचा मुलगा सिमोन आणि नातू फ्रान्सिस्को यांनीही याच नगरात छिन्नी-हातोडा हाती घेतला. कॅथेड्रलच्या मागील बाजूस कास्तीलच्या एका सरदाराचे आणि त्याच्या पत्नीचे स्मृतिमंदिर आहे. सिमोनने १४८२ मध्ये त्याचे काम हाती घेतले. त्याच्या छताच्या मध्यभागी दगडात कोरलेली जाळीदार तारका आहे, व तिच्यातून वरचा प्रकाश खाली झिरपतो. फ्रान्सिस्कोने जवळच्याच सान निकोलास चर्चमध्ये वेदीमागील भव्य दगडी शिल्पपट कोरला. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांचे काम असे थोड्याशा अंतरावर पाहावयास मिळते.

परंतु या वास्तूच्या इतिहासात केवळ यशाच्याच कथा आहेत असे नाही. कॅथेड्रलच्या मध्यभागी, चार स्तंभांच्या आधारावर एक उंच घुमट होता. मार्च १५३९ मधील एका रात्री तो घुमट कोसळला. अनेक वर्षांच्या श्रमाचे एका रात्रीत दगडांच्या ढिगात रूपांतर झाले. अशा प्रसंगी कोणाचाही धीर खचला असता. बुर्गोसच्या लोकांनी मात्र पुन्हा बांधण्याचे ठरविले. हुआन दे वायेखो या स्थपतीकडे हे काम मुख्यत्वे सोपविण्यात आले. भार पेलण्यासाठी पहिल्यापेक्षा अधिक भक्कम स्तंभ उभारले गेले. या कामाला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला. आज त्या घुमटाखाली उभे राहून वर पाहिले, तर आठ टोकांची एक विशाल तारका दृष्टीस पडते. तीही जाळीदार आहे. जेथे संकट कोसळले, तेथेच आज सर्वांत अधिक प्रकाश आहे.

याच घुमटाच्या खाली जमिनीत एक साधी शिळा बसविलेली आहे. कास्तीलचा पराक्रमी वीर एल सीद आणि त्याची पत्नी हिमेना यांचे अवशेष तिच्याखाली विसावले आहेत. एल सीद १०९९ मध्ये वारला. त्याचे अवशेष १९२१ मध्ये, कॅथेड्रलला सातशे वर्षे झाली तेव्हा, येथे आणण्यात आले. सभोवती कोरीव कामाचे एवढे वैभव असता, वीराच्या समाधीचा साधेपणा मनाला स्पर्शून जातो.

लहान मुलांची गर्दी मात्र आणखी एका ठिकाणी होते. आत उंचावर एक जुने घड्याळ आहे आणि त्याच्यावर एक लाकडी पुतळा आहे. तासाचे ठोके पडू लागले की, प्रत्येक ठोक्याबरोबर तो तोंड उघडतो. त्याला ‘पापामोस्कास’, म्हणजे माशा गिळणारा, असे गमतीचे नाव पडले आहे.

कॅथेड्रल पाहून झाल्यावर नगराबाहेरील दोन मठांकडे वळावे. त्यांपैकी लास उएल्गास हा संन्यासिनींचा मठ राजा आठवा आल्फोन्सो आणि राणी लेओनोर यांनी ११८७ मध्ये स्थापन केला. येथील मठाधिकारिणीचा अधिकार एवढा मोठा होता की, ती कोणत्याही बिशपच्या आज्ञेखाली नसे. फक्त पोपला उत्तरदायी असे. तिच्याकडे अनेक गावांचाही कारभार होता. हे खास अधिकार १८७३ पर्यंत टिकले. या मठातील एका प्रदक्षिणामार्गाच्या छतावर चुन्याच्या गिलाव्यात मोर व नक्षी कोरलेली आहे. ही कला स्पेनमधील मुसलमान कारागिरांच्या परंपरेतून आलेली आहे. ख्रिस्ती मठाच्या छतावर तिला मानाचे स्थान मिळाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीची, अनेक स्वरांत गावयाच्या गीतांची एक हस्तलिखित पोथीही या मठाने जतन केली आहे.

या मठात राजघराण्यातील अनेकांची दफनस्थाने आहेत. नेपोलियनच्या सैन्याने स्पेनवर स्वारी केली तेव्हा त्यांतील बहुतेक फोडली गेली. १२७५ मध्ये मरण पावलेल्या राजपुत्र फेर्नांदोची शवपेटी मात्र सुदैवाने वाचली. विसाव्या शतकात ती उघडली, तेव्हा त्याची वस्त्रे जवळजवळ जशीच्या तशी हाती लागली. ती आज मठातील संग्रहालयात आहेत. सातशे वर्षांपूर्वीचे विणकर किती निपुण होते, हे त्यांवरून समजते.

दुसरा मठ मिराफ्लोरेसचा. राजा दुसरा हुआन याने १४४२ मध्ये आपला वाडा मौनव्रती संन्याशांना दिला. दहाच वर्षांनी तो आगीत भस्मसात झाला. तेव्हा नवा मठ बांधण्याची योजना हुआन दे कोलोनियाने केली. तेथे राजा-राणीची तारकेच्या आकाराची समाधी आहे. त्यांची कन्या राणी इसाबेल हिच्या आज्ञेवरून हिल दे सिलोए या शिल्पकाराने ती शुभ्र अलाबास्टर दगडात कोरली. कॅथेड्रलमधील प्रसिद्ध सोनेरी जिना ज्याने १५१९ मध्ये करावयास घेतला, तो दिएगो दे सिलोए याच शिल्पकाराचा मुलगा होय.

अशी स्थळे पाहताना एक गोष्ट विसरू नये. ती केवळ जुनी स्मारके नाहीत. तेथे आजही प्रार्थना चालते. म्हणून हळू बोलावे, उपासना चालू असता फिरू नये आणि कोरीव दगडांना हात लावू नये. दगड कठीण दिसतो, तरी पाऊस, थंडी आणि काळ त्यालाही झिजवितात. १९८४ मध्ये बुर्गोसचे कॅथेड्रल जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याच्या एका मनोऱ्यावरील दगडी पुतळा निखळून खाली पडला. त्या आघाताने सारे जागे झाले आणि दुरुस्तीचे मोठे कार्य हाती घेण्यात आले. परांच्या बांधून कारागीर पुन्हा त्या उंच मनोऱ्यांवर चढले.

कॅथेड्रल कोणी बांधले, असा प्रश्न विचारला तर एकाच माणसाचे नाव सांगता येत नाही. पहिला दगड ठेवणारा मौरिसिओ, शिखरे उभारणारा हुआन, कोसळलेला घुमट पुन्हा उचलून धरणारा वायेखो, ज्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत असे असंख्य पाथरवट, आणि आपल्या काळात झिजलेला दगड बदलणारा कारागीर, हे सर्व तिचे निर्माते आहेत. आरंभ करणाऱ्याला शेवट पाहावयास मिळेलच असे नाही. आणि शेवट झाला असे वाटते, तेव्हाही राखण्याचे काम शिल्लक असतेच. ते काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.