शहामृगाची चोच आणि मोआची झुडपं

हास्टच्या गरुडाला, म्हणजे न्यूझीलंडच्या त्या नामशेष शिकारी पक्ष्याला, आणखी एक आठवडा थांबावं लागणार. म्हैसूरच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नानं मला धरूनच ठेवलं. नातवाला घेऊन त्या तिथल्या चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयात गेल्या होत्या. शहामृगापुढे उभं राहून नातू म्हणाला, "आज्जी, असा पक्षी आपल्याकडे का नाही?" बाई विचारतात, मोआ, हत्तीपक्षी, डोडो, तुम्ही सांगता ते न उडणारे, नामशेष झालेले पक्षी सगळे बेटांवरचे. आपल्या एवढ्या मोठ्या देशात एकही नव्हता का?

होता. खुद्द शहामृगच होतं, आणि तेही खानदेशात!

चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे बहुतेकांना पाटणादेवीमुळे माहीत असतं, काहींना भास्कराचार्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या शिलालेखामुळे. माझ्या लेखी पाटणे म्हणजे शहामृगाच्या अंड्याचं कवच. 1970च्या दशकात एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीच्या थरात हे तुकडे मिळाले. एका तुकड्यावर समांतर रेघा आहेत आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली आहे. कवचाचे मणीही सापडले. शहामृगाचं कवच जवळजवळ दोन मिलिमीटर जाड असतं. आधी तुकड्याला भोक पाडायचं आणि मग कडा घासत घासत गोल करायच्या, असं ते काम. हे सगळं गारगोटीच्या हत्यारांनी केलेलं! पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतात मिळालेल्या अशा जुन्या कवचांतून डीएनए काढला आणि 2017मध्ये जाहीर केलं की हा पक्षी आजच्या आफ्रिकी शहामृगाचाच सख्खा नातलग आहे.

मग खानदेशातलं शहामृग आणि न्यूझीलंडचा मोआ यांना एकाच पंक्तीत बसवायचं का? मी बसवणार नाही. शहामृग हरणांच्या, रानबैलांच्या कळपांशेजारी चरत होतं आणि वाघ-तरसांपासून जीव वाचवत पळत होतं. चरणाऱ्या अनेकांतलं ते एक. न्यूझीलंडमध्ये मात्र वटवाघळं सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणीच नव्हते. हरणाचं, गाईचं, बकरीचं, सगळ्यांचं काम मोआच्या नऊ जातींनी वाटून घेतलं होतं. हा फरक झाडांवर उमटतो, आणि माझा खरा जीव अडकलाय तो इथेच. (भारत स्वतःही कोट्यवधी वर्षं एक बेटच होता, याची आठवण काही जण करून देतील. तो विषय मोठा आहे, त्याला वेगळा लेख देईन.)

बाई पुन्हा प्राणिसंग्रहालयात जातील तेव्हा त्यांनी शहामृगाला पाला खाताना नीट पाहावं. बकरी ओठांनी आणि जिभेनं काट्यांमधून पान निवडते, दाढांनी चावते. शहामृगाला ना दात, ना तसे ओठ. ते पान चोचीत पकडतं, हिसका देऊन तोडतं आणि मान झटकून घशात टाकतं. घास मानेतून खाली सरकताना बाहेरून दिसतो. अशा गिऱ्हाइकाशी काट्यांपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं लढावं लागतं. आपल्या बोरी-बाभळींचे काटे मऊ ओठांसाठी आहेत. कठीण चोचीला त्यांचं फारसं काही वाटत नाही.

न्यूझीलंडच्या पन्नासहून अधिक जातींच्या झुडपांनी दुसरीच युक्ती केली. त्यांच्या फांद्या तारेसारख्या बारीक आणि चिवट असतात, भलत्याच कोनांत फुटतात आणि एकमेकींत गुंततात. पानं इवलीशी, लांब लांब अंतरावर, बरीचशी आतल्या बाजूला. हिसका दिला तर फांदी तुटत नाही, ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते. चोचीत येऊन येऊन येणार एखादं पान. ही थंडी-वाऱ्यापासून बचावाची सोय आहे, असं मानणारे अभ्यासकही आहेत. पण वनस्पतींचे अभ्यासक विल्यम बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच झुडपं शहामृगांना आणि इमूंना खायला घालून पाहिली, आणि या पक्ष्यांना पोट भरेल इतक्या वेगानं ती खाताच येईनात. हे निष्कर्ष 2004मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मादागास्करमध्ये, म्हणजे हत्तीपक्ष्यांच्या गावी, अशाच तारांसारख्या फांद्यांची झुडपं त्यांनी दाखवून दिली. त्यांचं न्यूझीलंडच्या झुडपांशी जवळचं नातं नाही.

मला सर्वांत पटतो तो पुरावा न्यूझीलंडच्या लान्सवूड या झाडाचा. हे झाड लहान असताना त्याची पानं लांब, ताठ, चिवट, पट्टीसारखी असतात आणि खाली झुकलेली असतात. झाड तीनेक मीटर उंच झालं, म्हणजे मोठ्या मोआची मान पोचायची त्याच्या वर गेलं, की त्याला साधी, आखूड पानं यायला लागतात. न्यूझीलंडच्या पूर्वेला आठशे किलोमीटरवर चॅटम बेटं आहेत. तिथे वारा भरपूर, पण मोआ कधीच नव्हते. लान्सवूडचा तिथला भाऊबंद लहानपणी असलं काहीच सोंग घेत नाही.

माणूस न्यूझीलंडमध्ये तेराव्या शतकाच्या सुमारास पोचला आणि पुढच्या दीडदोनशे वर्षांत मोआ संपले. त्यांच्याबरोबर हास्टचा गरुडही गेला. तो का गेला, हे पुढच्या आठवड्यात नक्की.